दाराशी एक गाडी असावी

मी जुन्या गाड्या विकतो. वडगावला, जुन्या हायवेच्या कडेला माझं यार्ड आहे. एवढं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे निराळ्या नजरेनं बघायला लागतो, याची मला सवय झालीय. लग्नात कुणी ओळख करून दिली की लोक हसत हसत विचारतात, "म्हणजे मीटर मागं फिरवणारे का?" फिरवत असेल कुणी, मी नाही फिरवत. पण सांगणार कुणाला आणि ऐकणार कोण? तर अशा या धंद्यात माझ्या एका शब्दावरही ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, आणि तरी जे वर्षानुवर्षं दर बुधवारी माझ्याच यार्डात येऊन बसले, त्या माणसाबद्दल सांगायचंय.

सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. लोणावळ्याच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. मला भेटले तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, पाठीत वाकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि हातात वायरची पिशवी. पिशवीत एक टॉवेल, एक बॅटरी आणि एक भिंग. सकाळच्या लोकलनं वडगावला उतरायचे, स्टेशनवरून चालत यायचे आणि दुपारच्या लोकलनं परत जायचे. गाडी मात्र एकदाही घेतली नाही. म्हणजे एकदा घेतली, ते पुढं सांगतो. आता गुरुजी नाहीत. मागच्या थंडीत झोपेतच गेले.

पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ एका गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर तळहात ठेवला. आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"गरम आहे," ते म्हणाले.

"आत्ताच सुरू करून ठेवली होती," मी म्हणालो.

"का?"

"का म्हणजे? गिऱ्हाईक यायचंय."

"म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी तिचा खोकला काढून घेतलात. थंड असताना कशा सुरू होतात या बाई?"

मला वाटलं, वेडसर आहे. आणि गाडीला 'या बाई' म्हणणारा माणूस मी तोवर बघितलाही नव्हता. पुढं कळलं की गुरुजी सगळ्यांनाच अहो-जाहो करतात. शाळेत पाचवीच्या पोरांनाही तुम्ही म्हणायचे. माझ्या यार्डात एक कुत्रं पडलेलं असायचं, त्याला म्हणायचे, "तुम्ही जरा सरकता का?" आणि ते बेणं खरंच सरकायचं. मी हाड हाड करून थकलो तरी माझ्यासाठी कधी हललं नव्हतं.

मला ते 'शेठ' म्हणायचे. माझे अब्बा टेंपो चालवायचे, मी शेठ कुठला? पण ते म्हणायचे खरे, आणि त्यात थोडी टिंगल असायची.

गुरुजींचे नेम ठरलेले. ओली गाडी बघायची नाही. पाण्यानं भिजलेल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही, पोचा दिसत नाही, जुना रंग कुठं संपतो आणि नवा कुठं सुरू होतो ते दिसत नाही. आमच्याकडे चार महिने आभाळ गळत असतं, तेव्हा काय करायचं? तर गुरुजी पिशवीतून टॉवेल काढायचे आणि शेडखाली लावलेली गाडी स्वतः पुसून कोरडी करायचे. लोक माझ्याकडे बघायचे, की हा म्हातारा तुम्ही पगारी ठेवलाय का. गाडी कोरडी झाली की मागच्या दिव्यापाशी उकिडवे बसून एक डोळा मिटायचे आणि पार पुढच्या दिव्यापर्यंत नजर न्यायचे. "हा दरवाजा मागाहून रंगवलाय," म्हणायचे. मला सगळं एकच पांढरं दिसायचं. त्यांना त्यात पिवळसर, निळसर, करडं, काय काय दिसायचं. मग गिऱ्हाइकाकडे वळून विचारायचे, "दरवाजा बदलला, तर तो का बदलला, हे विचारलंत का शेठना?" झालं, गिऱ्हाईक माझ्याकडे बघणार.

कागदांचंही तेच. गुरुजींचा स्वतःचा फोन बटणांचा होता, पण गिऱ्हाइकाला त्याच्या फोनवर गाडीचा नंबर टाकायला लावायचे. मालक कितवा? विमा चालू आहे का? दंडाची चलनं थकलीत का? आधीच्या मालकानं कर्ज काढलं असेल तर बँकेचा बोजा उतरलाय का? मग आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी भिंगानं एकेक आकडा लावून बघायचे. आणि हे सगळं झालं तरी म्हणायचे, "आता आपला मिस्त्री घेऊन या. शेठचा नको, तुमचा आणा." अहो, माझ्याच यार्डात, माझाच चहा पिऊन!

तुम्ही म्हणाल, मग हाकलून का नाही दिलं? दिलं ना. तेही सांगतो.

आमच्या मावळात गाडी बघायला कुणी एकटं येत नाही. मुलगी बघायला जातात तशी जीप भरून माणसं येतात. मामा, चुलता, जावई, शेजारचा एक शहाणा. आणि येतानाच नारळ, हार, पेढे घेऊन येतात. गाडी अजून बघायची असते, पण हार पिशवीत तयार. मग काय होतं, की गाडी आवडली नाही तरी नाही म्हणवत नाही. नारळ माघारी नेणं बरं दिसत नाही ना! या नारळांनी माझ्या कितीतरी गाड्या खपवल्यात, उगाच खोटं कशाला बोलू?

असेच एकदा सुदुंबऱ्याचे एक शेतकरी आले. वयस्कर माणूस, डोक्याला टोपी, बरोबर पाच-सहा पाव्हणे. एक लाल गाडी मी आठवड्यापूर्वीच पुण्याच्या एका एजंटाकडून घेतली होती, ती त्यांना बघताक्षणी आवडली. गुरुजी कोपऱ्यात बाकावर बसलेले, ते उठले.

"तो नारळ कुणी आणलाय?" त्यांनी विचारलं.

"म्या आनलाय, मास्तर," शेतकरी म्हणाले.

"तो आधी तुमच्या जीपमध्ये ठेवून या. नारळ हातात असला की डोळे नीट चालत नाहीत."

"आता आनलाय म्हनल्यावं माघारी कसा न्यायचा? आन् बघायचं काय त्यात? रंग लय झ्याक हाय."

"रंगच बघतोय मी," गुरुजी म्हणाले आणि आत शिरले. त्यांनी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढायला लागले. आपण ओढतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत, आता आणखी निघतच नाही म्हणेपर्यंत. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातीची एक तपकिरी रेघ होती. मग त्यांनी पायाखालची मॅट उचलली, तिच्याखालचा गालिचा नाकाशी नेला, सीटच्या खालचे गंजलेले स्क्रू बॅटरीच्या उजेडात दाखवले.

"या बाई पाण्यात बसलेल्या आहेत," ते म्हणाले. "सीटच्या वरपर्यंत पाणी होतं. बाहेरून धुता येतं सगळं, पट्टा कुणी शेवटपर्यंत धूत नाही."

अल्ला शप्पत, मला माहीत नव्हतं. एजंटानं मलाच गुंडाळलं होतं. पण ते तिथं कोण मानणार? शेतकरी माझ्याकडे बघून म्हणाले, "काय ओ शेठ, आमीच घावलो व्हय तुमाला?" आणि सगळी जीप निघून गेली. माझं डोकं फिरलं. मी गुरुजींवर ओरडलो, "तुमचं मी काय घोडं मारलंय? घ्यायची नाही न् द्यायची नाही, वर माझं गिऱ्हाईक पळवता? उद्यापासून इथं पाय ठेवायचा नाही!"

गुरुजींनी टॉवेलाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "उद्या मी येतच नाही, शेठ. बुधवारी येतो."

आणि आलेच की बुधवारी! त्याच बाकावर बसले. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढ्यात ते सुदुंबऱ्याचे शेतकरी पुन्हा आले, या वेळी एकटे आणि हात हलवत. "मास्तर हायेत का? मास्तर असतील तर बघतो एखादी गाडी," म्हणाले. दुसरी एक गाडी गुरुजींनी तास-दीड तास बघितली, त्यांच्या गावच्या मिस्त्रीनं बघितली आणि ती विकली गेली. त्या गाडीची आजतागायत तक्रार नाही. त्यानंतर लोक फोन करून विचारायला लागले की बुधवारी गुरुजी आहेत ना. आता सांगा, कसं हाकलणार? मीच त्यांना गाड्या विकत घ्यायला जाताना बरोबर न्यायला लागलो. एकदा काही पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, "मग मला तुमच्या बाजूनं बोलावं लागेल. नको ते." बिनसाखरेचा चहा आणि माझ्या बायकोनं दिलेला डबा, एवढंच घ्यायचे. ईदला शीरखुर्मा प्यायला मात्र घरी यायचे, आणि तो कसा झालाय याचं सविस्तर परीक्षण करायचे. बायको आधी चिडायची, मग त्यांच्यासाठी वेगळं पातेलं काढून ठेवायला लागली.

त्यांचं घर मी पहिल्यांदा बघितलं ते अशाच एका फेरीत. लोणावळ्यात एका बंगलेवाल्यांना त्यांची गाडी विकायची होती. मालक मुंबईचे, वर्षातून चार-दोनदा येणारे. पत्र्याच्या शेडखाली, कव्हर घातलेली गाडी. मालक खूश होऊन सांगत होते, "चाललीच नाहीये हो! नवीच समजा." मीटरवर आकडाही तसाच. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"चाललीच नाही, तेच तर दुखणं आहे," गुरुजी म्हणाले. आणि त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. टायर एकाच जागी दबून चपटा झालेला, त्याच्यावर छापलेली तारीख कितीतरी जुनी. रबराला भेगा. आत बुरशीचा वास. बॉनेटखाली उंदरांनी वायरी खाऊन कापसाचं घरटं केलेलं. "फिरणारी गाडी झिजते, शेठ, पण ती दुरुस्त होते," बाहेर आल्यावर मला म्हणाले. "उभ्या गाडीचं काय काय बिघडलंय ते तिला स्वतःलाही कळत नाही. आठवड्यातून एकदा तरी कुणी फिरवून आणायला पाहिजे होतं यांना." त्या गाडीबद्दल त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. मी मात्र हुकलेल्या सौद्याच्या विचारात होतो.

परत येताना पाऊस सुरू झाला म्हणून म्हटलं, तुम्हाला घरापर्यंत सोडतो. नको नको म्हणाले, पण सोडलंच. डोंगराच्या अंगाला एक अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना बंगले, मोठी मोठी फाटकं, आणि सगळ्यांना कुलपं. शनिवार-रविवारी तिथं गाण्यांचा धिंगाणा असतो म्हणे. इतर दिवशी चिटपाखरू नाही. गल्लीच्या शेवटी दोन खोल्यांचं कौलारू घर, ते गुरुजींचं. त्यांच्या वडिलांनी बांधलं तेव्हा आजूबाजूला सात-आठ घरं होती. ती माणसं एकेक करून जागा विकून गेली आणि बंगले झाले. गुरुजींनी विकली नाही. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, ते विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

दाराशी आलो तर आतून बोलण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "कुणी आलंय वाटतं?"

"रेडिओ आहे," ते म्हणाले. "जाताना लावून जातो. परत आलं की बरं वाटतं."

आत गेलो. एक खुर्ची, एक पाट, एक कप. मला कपात चहा दिला आणि स्वतः पेल्यातून प्याले. भिंतीवर एकही चित्र नव्हतं, चित्रकलेच्या मास्तरांच्या घरात. मी विचारलं तर म्हणाले, "दाखवायला कुणी लागतं हो. नाहीतर कशाला काढायचं?" हे अगदी साधेपणानं म्हणाले. मी घाईनं चहा संपवला आणि निघालो.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका बुधवारी गुरुजी आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. फोन लावला, लागेना. दुसऱ्या दिवशी यार्ड बंद करून लोणावळ्याला गेलो. गुरुजी खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये, उशाशी शेजारच्या बंगल्याचा वॉचमन बसलेला. तो सांगायला लागला. मंगळवारी सकाळी गुरुजी अंगणात शेवाळावरून घसरले. गुडघ्याचं हाड मोडलं. तिथंच पडून राहिले, पावसात, दिवसभर आणि रात्रभर. बुधवारी सकाळी वॉचमन गावाहून परत आला तेव्हा त्याला दिसले.

"हाका नाही मारल्या?" मी विचारलं.

"मारल्या की," गुरुजी म्हणाले. "दुपारी काही मुलं-मुली गल्लीत आली होती. फाटकासमोर उभं राहून फोटो काढले त्यांनी. मी हाक मारली. त्यातली एक मुलगी म्हणाली, कुणीतरी बोलतंय. दुसरा म्हणाला, छे, रेडिओ असेल, हे घर बंद दिसतंय." मग म्हणाले, "चूक नाही त्यांची. बंदच दिसतं ते."

मला इतका राग आला की काय सांगू. त्या पोरांचा, त्या बंगल्यांचा, गुरुजींचाही. म्हटलं, "चला, आमच्याकडे चला. वर एक खोली रिकामी आहे." ऐकतायत कशाला! "माझं घर आहे ना," एवढंच म्हणाले.

पाय बरा झाला, पण गुडघा वाकेना. लोकलच्या पायऱ्या चढता येईनात. बुधवारचा बाक रिकामा पडला. गिऱ्हाइकं विचारायची, मी काहीतरी सांगायचो. महिन्या-दोन महिन्यांनी एका सकाळी यार्डासमोर रिक्षा थांबली आणि काठी टेकत गुरुजी उतरले. लोणावळ्याहून वडगावपर्यंत रिक्षा करून आले होते.

"शेठ, मला गाडी घ्यायची आहे," ते म्हणाले.

मी हसलो. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी यार्डातल्या सगळ्या गाड्या बघितल्या. कोरड्या करून, उन्हात लावून, पट्टे ओढून, मॅटी उचलून. शेवटी एका छोट्या राखाडी गाडीपाशी थांबले. एकाच मालकाची, इंदुरीच्या एका बाईंची, सगळी सर्व्हिस वेळेवर केलेली. गुरुजींनी चेसिसचे आकडे लावले, मला थंड इंजिन सुरू करायला लावलं, कान देऊन ऐकलं.

"बऱ्या आहेत या," म्हणाले. "जरा चालवून दाखवा."

"तुम्हीच चालवून बघा की! घेणारे तुम्ही."

"मला कुठं येतं चालवायला?"

एवढी वर्षं या माणसानं अख्ख्या मावळाला गाड्या घ्यायला शिकवल्या आणि त्यांना क्लच कुठला न् ब्रेक कुठला हे माहीत नव्हतं! "अहो, मग घेऊन करणार काय?"

"दाराशी उभी करणार," गुरुजी म्हणाले. माझ्याकडे न बघता, गाडीच्या काचेवरची धूळ बोटानं पुसत. "दाराशी गाडी उभी असली की लोकांना वाटतं, घरात माणूस आहे."

मला बोलायचं होतं एक आणि तोंडातून निघालं भलतंच. मी चिडलो. म्हटलं, "मी नाही विकणार. उभी गाडी सडते, हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? चांगली चालती गाडी तुमच्या अंगणात कुजवायला देऊ? टायर जातील, बॅटरी बसेल, उंदीर घर करतील. जमायचं नाही!"

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. म्हणून माझी एक अट आहे. किंमत तुम्ही सांगाल ती. दर बुधवारी तुम्ही यायचं आणि गाडी फिरवून आणायची. मी बरोबर बसेन. ही अट मान्य असेल तर घेतो."

आधीच ठरवून आले होते, हो! आणि मी सौदे करण्यात आयुष्य घालवलेला माणूस, बरं बरं करत हो म्हणून बसलो. रात्री जेवताना बायकोला सांगितलं तर ती वाढता वाढता थांबली. "अहो, त्यांनी गाडी कुठं घेतली? बुधवार घेतला," म्हणाली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग बुधवार सुरू झाले. मी लोकलनं जायचो, गुरुजी फाटकापाशी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. गाडीला म्हणायचे, "उठा, आले शेठ." मागं डाव्या बाजूला बसायचे, पुढं कधीच नाही. वळवणच्या धरणापर्यंत, कधी तुंगार्लीला, कधी कार्ल्याच्या फाट्यापर्यंत जाऊन परत. वाटेत मध्येच गाडी थांबवायला सांगायचे आणि समोरच्या डोंगराकडे बोट करून विचारायचे, "किती हिरवे दिसतात?" मी म्हणायचो, एकच. मग ते एकेक दाखवायचे. कोवळ्या भाताचा, करवंदीचा, सावलीतला, ढगाखालचा. मला हळूहळू दोन-तीन दिसायला लागले. जास्त नाही.

गाडी दाराशी आल्यावर खरंच फरक पडला. रस्ता चुकलेले लोक फाटकाशी थांबून हाक मारायला लागले. एकदा माझ्यासमोरच वॉचमननं विचारलं, "गुरुजी, पाव्हनं आल्यात काय?" मी बाहेर बॉनेट पुसत होतो. गुरुजी म्हणाले, "हो, आहेत ना." आणि मग आत जाऊन चहा टाकेपर्यंत स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. त्यांना गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. घरात दुसरा कपही आला होता.

मी काही दर वेळी मोकळा नसायचो. धंदा आहे शेवटी. गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारी बाराला एक मोठं गिऱ्हाईक यार्डात यायचं होतं, एका कंपनीसाठी एकदम तीन गाड्या घेणारं. म्हणून मी आदल्या संध्याकाळीच गुरुजींना फोन केला. "उद्या घाई आहे हो. येतो, गाडी सुरू करून गल्लीतच एक चक्कर मारतो आणि लगेच निघतो. चहासुद्धा नको."

"हो हो, काम आधी," ते म्हणाले.

सकाळी पोचलो तर भुरभुर चालू होती. गुरुजी छत्री घेऊन गाडीपाशीच उभे. मी आत बसलो, किल्ली फिरवली. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही, गाडी एकदम मुकी. मागच्या बुधवारी तर ठणठणीत होती. उतरलो आणि बॉनेट उघडलं.

बॅटरीवरची एक वायर सुटलेली होती. सुटलेली म्हणजे कुणीतरी पान्यानं नट सोडवून, वायर उचलून नीट बाजूला ठेवलेली. तो नट हरवू नये म्हणून एका कापडाच्या चौकोनी तुकड्यावर, बॅटरीच्या बरोबर मधोमध ठेवला होता. कापड टॉवेलाचं होतं.

मी वर बघितलं. गुरुजी माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे होते आणि समोरच्या बंगल्याच्या फाटकाकडे बघत होते. ज्या माणसाला पट्ट्याच्या टोकावरची मातीची रेघ दिसायची, त्यानं बॉनेटच्या आत डोकावूनही बघितलं नाही.

"काय झालं असेल हो?" त्यांनी विचारलं.

नट लावायला मला किती वेळ लागणार होता? मी खिशातून फोन काढला, गिऱ्हाइकाला सांगितलं की आज जमत नाही, उद्या या. तो वैतागला, मी बरं म्हणून ठेवून दिला.

"बघावं लागेल, गुरुजी," मी म्हणालो. "वेळ जाईल यात."

"मोठं काम आहे?"

"मोठंच दिसतंय. दुपार होईल."

गुरुजींनी मान हलवली. "मग भात टाकतो," म्हणाले, आणि छत्री माझ्या हातात देऊन काठी टेकत घरात गेले. मी नट हातानंच बसवला. मग बॉनेट तसंच उघडं ठेवून, त्यावर छत्री धरून, आतून कुकरची शिट्टी होईपर्यंत गाडीपाशी उभा राहिलो.